तेवीस गुणांचा डोंगर

रांगेत उभे राहण्याची विद्या आपल्या मध्यमवर्गाला कोणी शिकवावी लागत नाही. एके काळी टेलिफोनसाठी नंबर लावून माणसे वर्षानुवर्षे थांबत. स्कूटरचा नंबर मुलाच्या मुंजीत लावला तर ती त्याच्या लग्नाला दारात येते, असा विनोद घरोघर चाले. आता म्हाडाच्या सोडतीकडे डोळे लावून बसणारी कुटुंबेही काही थोडी नाहीत. पण रानातल्या एका जनावराच्या शिकारीसाठी कोणी वीस-पंचवीस वर्षे रांगेत तिष्ठत राहील, आणि ती रांग सोडावी की धरून ठेवावी या विचाराने त्याची झोप उडेल, हे अमेरिकेच्या पश्चिम भागात राहायला येईपर्यंत माझ्या स्वप्नातही आले नव्हते.

मी मूळचा नागपूरचा. पेशाने हिशेबनीस. गेली तीस वर्षे कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहरी आमचे बिऱ्हाड आहे. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम सव्वाशे फूट खाली. इतक्या उंचीवर आपण सपाट मैदानात भाजी घ्यायला जातो आणि पश्चिमेकडे पाहावे तर रॉकी पर्वताची रांग आणखी दुपटी-तिपटीने उंच उभी असते. त्या पर्वताकडे आम्ही चहाचा कप हातात घेऊन पाहणारे लोक. आमचे शेजारीबुवा मात्र त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहत. वय एकाहत्तर, शाळेत मुलांना सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, गुडघे कुरकुरणारे. त्यांच्या नावावर सरकारदरबारी तेवीस गुण जमा होते. परीक्षेचे नव्हेत, एल्कचे!

एल्क म्हणजे हरणाच्या जातीतले एक भव्य जनावर. आपले सांबर डोळ्यांपुढे आणावे आणि त्याला आणखी थोडे वाढवावे. पूर्ण वाढीच्या नराचे वजन तीनशे किलोच्या घरात जाते. कोलोरॅडोत आज अडीच लाखांहून अधिक एल्क आहेत; जगात इतका मोठा कळप दुसऱ्या कुठल्याही राज्यात नाही. अमेरिकेत रानातले जनावर जमीनमालकाचे नसते, ते त्या राज्यातल्या सर्व जनतेचे मानले जाते. म्हणून ते मारायचे तर राज्याचा परवाना लागतो. परवान्याबरोबर एक चिठ्ठी मिळते. जनावर पडले की ती तिथल्या तिथे त्याला बांधायची. तिलाच ‘टॅग’ म्हणतात. एक टॅग, एक जनावर. कोणत्या विभागात, कोणत्या तारखांना, बंदुकीने की धनुष्याने, नर की मादी, सारे त्यावर नेमलेले असते.

हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या, तशा कित्येक वाचकांनीही घातल्या असतील. माझे आजोबा चांद्याला वनखात्यात कारकून होते. जंगलाचे ‘ब्लॉक’ पाडून साहेबलोकांना आणि संस्थानिकांना शिकारीचे परवाने दिले जात, त्या काळात ते परवाने लिहीत. ताडोब्यात १९३५ सालीच शिकार बंद झाली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशातली शिकार बहुतेक संपलीच. आपल्याकडे परवान्याच्या कागदाने वाघ वाचला नाही, तो मनाईने वाचवावा लागला. अमेरिकेने मात्र वाट निराळी धरली. एकोणिसाव्या शतकात इथे जी कत्तल झाली तिला सीमा नव्हती. कोट्यवधी गवे शे-पाचशेंवर आले आणि कोलोरॅडोतले एल्कही विसाव्या शतकाच्या आरंभी नाहीसे होण्याच्या बेताला आले होते. एस्टेस पार्क नावाच्या गावाभोवती तर ते उरलेच नव्हते. १९१३-१४ साली यलोस्टोनकडून आणून तिथे पुन्हा सोडावे लागले. पुढे १९३७ साली कायदा होऊन बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला गेला. परवान्याची फी आणि हा कर यांवरच इथल्या राज्यांच्या वन्यजीव खात्यांचा संसार मुख्यतः चालतो. हे योग्य की अयोग्य, यावर आमच्या घरात बराच खल झाला आहे आणि निकाल अजून लागलेला नाही. पण मोजूनमापून परवाने देण्यामागचे कारण तरी समजले.

मोजूनमापून म्हटले की रांग आलीच. परवाने थोडे आणि मागणारे फार. या रांगेचे प्रकार राज्याराज्यांत निरनिराळे आहेत. कोलोरॅडोत एल्क आणि हरणांसाठी बव्हंशी निखळ ज्येष्ठता चालते. अर्ज करून परवाना मिळाला नाही की एक गुण पदरात पडतो. ज्याचे गुण जास्त त्याला आधी परवाना. नेव्हाडात सोडत असते, पण गुणांचा वर्ग करून तितक्या जादा चिठ्ठ्या तुमच्या नावाने पडतात; दहा गुण असतील तर शंभर. ॲरिझोनात एक पंचमांश परवाने सर्वाधिक गुणवाल्यांसाठी राखून बाकीच्यांची सोडत काढतात. वायोमिंगमध्ये एल्कसाठी येणाऱ्या बाहेरच्यांना तीन चतुर्थांश परवाने गुणांवर आणि एक चतुर्थांश निव्वळ नशिबावर मिळतात. न्यू मेक्सिको आणि आयडाहो यांनी गुणांची भानगडच ठेवलेली नाही. दरवर्षी नवी पाटी, नवे नशीब. त्यातही न्यू मेक्सिको शंभरातले चौऱ्याऐंशी परवाने आपल्या रहिवाशांना देते, दहा वाटाड्यांच्या गिऱ्हाइकांना, आणि परक्याच्या वाट्याला उरतात सहा.

शेजारीबुवांचे मन गुंतले होते ते कोलोरॅडोच्या वायव्य कोपऱ्यात. मॉफॅट परगण्यातले २, १० आणि २०१ या क्रमांकांचे तीन विभाग शिकाऱ्यांत पंढरीसारखे मानले जातात. तिथे परवाने इतके कमी की नर म्हातारे होईपर्यंत जगतात आणि त्यांची शिंगे झाडाच्या फांद्यांसारखी पसरतात. तिथल्या बंदुकीच्या हंगामाच्या परवान्याला वीसहून अधिक गुण लागतात. बुवांनी पत्नी हयात असताना पहिला अर्ज केला होता. “पन्नाशी उलटायच्या आत नाही, पण साठीच्या आत नक्की मिळेल,” असा तेव्हाचा हिशेब. आता सत्तरीही मागे पडली होती.

“तुम्ही आकडेमोड करणारे गृहस्थ,” ते एके दिवशी मला म्हणाले, “मला एकदाच सांगा, हे थांबणं शहाणपणाचं आहे का?”

मी म्हटले, “ज्या मालासाठी थांबायचं तो आधी पाहायला हवा.”

म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघे त्यांच्या जुन्या मालमोटारीतून निघालो. डेन्व्हर सोडून चाळीस क्रमांकाचा रस्ता धरला की पहिला घाट लागतो बर्थूडचा. उंची ११,३०७ फूट. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी थोडे अंतर उरेल. घाट उतरताना ॲस्पेनची झाडे पिवळीधमक झालेली होती. आपल्याकडे बहाव्याला जो रंग चैत्र-वैशाखात येतो, तो इथे पानांना आश्विनात येतो. अख्ख्या डोंगरउतारावर कोणी हळद उधळली असावी असे वाटत होते. पुढे ग्रँबी, क्रेमलिंग, मग ‘सशाचे कान’ या नावाचा घाट. माथ्यावर खरोखरच दोन सुळके कान टवकारून उभे आहेत. तो उतरून स्टीमबोट स्प्रिंग्ज या शौकिनांच्या गावी कॉफी घेतली आणि यांपा नदीच्या काठाने क्रेगला पोचलो. क्रेग हे गाव स्वतःला एल्कच्या शिकारीची जागतिक राजधानी म्हणवते. आपल्याकडे नागपूरकर संत्र्याचा अभिमान बाळगतात, तसा इथे शिंगांचा.

क्रेगच्या पुढे हिरवळ संपते. मेबेल नावाची चिमुकली वस्ती येते. तिथे १ फेब्रुवारी १९८५ रोजी पारा उणे ५२ अंश सेल्सियसवर उतरला होता. कोलोरॅडोतला हा थंडीचा उच्चांक अजून अबाधित आहे. त्यानंतर नुसते राखाडी-हिरवे खुरटे झुडूप, सेजब्रश, क्षितिजापर्यंत. त्याला ओव्यासारखा, कापरासारखा उग्र वास येतो. मधूनच प्राँगहॉर्नचा कळप दिसे. हे आपल्या काळविटाच्या तोडीचे धावणारे जनावर. या खंडात त्याच्याइतके वेगाने दुसरे कोणी पळत नाही. आम्हाला पाहून ते जरा वेळ टक लावून उभे राही आणि मग वाऱ्याशी स्पर्धा लावल्यासारखे निघून जाई.

सायंकाळी ब्राउन्स पार्कमध्ये उतरलो. इथे ‘पार्क’ म्हणजे बाग नव्हे. डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्याला या राज्यात पार्क म्हणतात. मधून ग्रीन नदी संथ वाहते आणि दक्षिणेला एकाएकी तांबड्या कड्यांच्या दारातून आत शिरून दिसेनाशी होते. १८६९ साली एक हात गमावलेला मेजर पॉवेल लाकडी होड्या घेऊन याच दारातून आत गेला आणि त्याला लोडोरचे नाव मिळाले. पुढे बुच कॅसिडीसारखे दरोडेखोर या खोऱ्यात दडत; कारण तीन राज्यांच्या सीमा इथे जवळ जवळ येतात आणि पोलीस आला की पलीकडच्या राज्यात पाय टाकता येतो.

नदीकाठी तंबू ठोकून शेगडीवर मी पिठले केले. बुवांनी ते पावाशी खाल्ले. उत्तरेला कोल्ड स्प्रिंग माउंटनची लांबलचक सपाट पाठ काळी पडत चालली होती. “तो २०१,” बुवा म्हणाले. मग त्याच मुलखातली एक गोष्ट त्यांनी सांगितली. १८७२ साली केंटकीच्या अर्नोल्ड आणि स्लॅक या दोघा भाऊबंदांनी इथून जवळच माळावर स्वतःच हिरे-माणके पेरली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या बड्या सावकारांना आणून ‘सापडवली’. न्यूयॉर्कच्या नामांकित जवाहिऱ्यानेही त्या खड्यांची किंमत भरमसाट केली. लाखो डॉलर गुंतले. शेवटी क्लॅरन्स किंग नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने जागा हुडकून काढली आणि हिरे निसर्गाने नव्हे, माणसाने ठेवले आहेत हे उघड केले.

“माझे गुण तसे नाहीत ना?” बुवांनी विचारले. ते हसत होते, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नव्हता.

रात्री थंडी मी म्हणत होती. पहाटे तीनच्या सुमारास मला जाग आली ती एका आवाजाने. आधी खर्जातला घोगरा सूर, मग तो एकदम तारसप्तकात चढला आणि बासरीची फुंक फुटावी तसा लांबला, आणि शेवटी दोन-चार हुंकार. डोंगरावरून दुसऱ्याने त्याला उत्तर दिले, मग तिसऱ्याने. माजावर आलेल्या नर एल्कची ती शीळ. इतक्या अवाढव्य देहातून इतका कोवळा सूर निघावा! शेजारच्या तंबूत बुवाही जागे होते. दोघांपैकी कोणीच काही बोलले नाही.

उजाडल्यावर दुर्बिणीतून सहा मादींचा कळप आणि त्यांच्यामागून चालणारा एक नर दिसला. त्याची शिंगे पाठीपर्यंत टेकत होती. तो दिसेनासा होईपर्यंत बुवांनी दुर्बीण खाली ठेवली नाही. माल खरा होता. हिरे पेरलेले नव्हते. आता प्रश्न उरला तो भावाचा.

हिवाळ्यात मी वही घेऊन बसलो. वाचकहो, गणिताचा कंटाळा करू नका, कारण साऱ्या प्रश्नाचे मर्म त्यातच आहे. समजा, एका विभागात वर्षाला दहा परवाने आहेत. पंचवीस गुणांचे चाळीस जण रांगेत आहेत, चोवीस गुणांचे पन्नास आणि तेवीस गुणांचे साठ. पहिले चाळीस संपायला चार वर्षे, पुढचे पन्नास संपायला पाच. म्हणजे तेवीसवाल्यांचा पहिला माणूस दहाव्या वर्षी आत जाईल आणि शेवटचा पंधराव्या वर्षी. यंदा एकाहत्तरचा असलेला गृहस्थ तेव्हा ऐंशी ते पंच्याऐंशी वर्षांचा असेल. आणि दरम्यान पुढच्यांनाही दरवर्षी एकेक गुण मिळतच असतो; त्यामुळे आपण एक पायरी चढलो की जिनाही एका पायरीने वाढतो. रांगेतून काही जण गळतात हे खरे. कोणी कंटाळतो, कोणी देवाघरी जातो. पण उलटही होते. गुण विभागाचे नसून जनावराचे असतात. दुसऱ्या विभागासाठी तीस गुण साठवून बसलेला मनुष्य उद्या तुमच्या रांगेत तुमच्यापुढे येऊन उभा राहू शकतो.

शिवाय परवान्यांची संख्याही कायम नसते. २०२२-२३ चा हिवाळा त्या वायव्य कोपऱ्यात इतका कडक गेला की एल्क, हरणे, प्राँगहॉर्न मोठ्या संख्येने मेले आणि पुढच्या हंगामात सरकारने परवान्यांना मोठी कात्री लावली. नियमही बदलतात. परराज्यातल्या धनुर्धाऱ्यांना पश्चिम कोलोरॅडोत खिडकीवर पैसे टाकून एल्कचा परवाना मिळे. २०२५ पासून ती खिडकी बंद होऊन तोही सोडतीत गेला. गुणांना व्याज नाही, ते विकता येत नाहीत, मुलाबाळांच्या नावे करता येत नाहीत. माझ्या उभ्या आयुष्यात असली ठेव मी कोणत्याही अशिलाला सुचवली नसती.

पैशाचे म्हणाल तर राज्याच्या रहिवाशाला हे महाग नाही. एल्कचा परवाना साठ-सत्तर डॉलरांत पडतो आणि अर्जाचा खर्च त्याहून कमी. परराज्यातल्याला मात्र तोच परवाना आठशे डॉलरांच्या पुढे जातो. शिवाय चार-पाच राज्यांत दरसाल गुण विकत घेत राहिले तर पंधरा वर्षांत एवढे पैसे जातात की त्यात मुलीचे लग्न नाही तरी साखरपुडा नक्की होईल. आणि परवाना मिळाला म्हणजे जनावर मिळाले असेही नाही. साऱ्या कोलोरॅडोचा हिशेब धरला तर एल्कला गेलेल्या पाचांतला साधारण एकच सफल होऊन परततो. नामांकित विभागांत हे प्रमाण चांगले असते, हाच त्यांचा मोठेपणा.

मी बुवांपुढे तीन वाटा मांडल्या. पहिली, आहे तसेच थांबणे. दुसरी, पंढरीचा नाद सोडून दहा-पंधरा गुणांत मिळणाऱ्या एखाद्या मध्यम विभागाला याच वर्षी अर्ज करणे; थोडे गुण वाया जातील, पण गुडघे चालतात तोवर चांगला नर पाहायला मिळेल. तिसरी वाट मी केवळ पूर्णतेसाठी लिहिली होती. घराजवळच्या विभागात मादीचा परवाना. इंग्रजीत एल्कच्या मादीला ‘काऊ’ म्हणतात, त्यामुळे आमच्या घरी हे बोलणे चालले असता सौ. दचकून बाहेर आल्या होत्या. “अहो, गाय कसली मारताय?” मी त्यांना समजावून सांगितले तेव्हा कुठे चहा आला.

माझी शिफारस अर्थातच दुसऱ्या वाटेची होती.

बुवांनी वही उलटसुलट पाहिली आणि विचारले, “आणि माझी नात?”

त्यांची तेरा वर्षांची नात शिकाऱ्यांचा सुरक्षेचा वर्ग पास झाली होती आणि तिच्या नावावर एक गुण होता. आजोबांबरोबर जायचे तिच्या फार मनात होते. पण नियम असा की दोघांनी एकत्र अर्ज केला तर दोघांतले कमी गुण धरले जातात. तेवीस आणि एक यांची बेरीज चोवीस होत नाही, सरासरी बाराही नाही. उत्तर येते एक. एका गुणावर मिळण्यासारखा होता तो तिसऱ्या वाटेचा, मादीचा परवाना. आणि पहिल्या पसंतीने परवाना मिळाला की तेवीसचे शून्य होते.

“तो विभाग दुसऱ्या पसंतीला लिहा,” मी म्हटले. “दुसऱ्या पसंतीने मिळाला तर गुण शाबूत राहतात.”

“दुसऱ्या पसंतीपर्यंत तिथले परवाने उरत नाहीत. मी पाहिलंय.”

“मग यंदा तुम्ही एकटे चांगल्या विभागात जा. पुढच्या वर्षी तिला घेऊन जा.”

बुवा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “जावयाची टेक्ससला बदली झालीय. नाताळपर्यंत सगळे जातील. आणि पुढच्या वर्षी ती चौदाची होईल. चौदाव्या वर्षी मुलींना आजोबांबरोबर तंबूत राहावंसं वाटतं की नाही, याचा आकडा तुमच्या वहीत आहे का?”

तो आकडा माझ्या वहीत नव्हता. तरी मी एक दिवस वाद घातला. तेवीस वर्षांची पुंजी एका मादीवर उधळायची, हे माझ्या हिशेबी मनाला सोसवेना. एका जनावरासाठी वर्षातून एकच अर्ज करता येतो, म्हणून दोन्ही वाटा एकदम धरणेही शक्य नव्हते. एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी मुदत संपते. त्याच्या आदल्या रात्री बुवांनी माझ्या संगणकापुढे बसून दोघांची नावे घातली, पहिल्या पसंतीला त्या विभागाचा क्रमांक टंकला आणि कळ दाबली. उठताना गुडघ्याला हात लावून ते एवढेच म्हणाले, “पोटात खड्डा पडला खरा.”

परवाना मिळाला. ऑक्टोबरच्या मध्यावर पाच दिवसांचा हंगाम होता. डेन्व्हरपासून तीन तासांच्या आतल्या एका राष्ट्रीय वनात आम्ही तिघे गेलो. मी बिनबंदुकीचा, पण कायद्यासारखे भडक नारिंगी जाकीट घालून, सौ. म्हणाल्या, वारीतल्या झेंडेकऱ्यासारखे दिसता. बुवा सावकाश चालत. दर शंभर पावलांवर थांबून नातीला काही दाखवत. ही ओली लेंडी आजची, हे झाडाचे साल शिंगांनी घासलेले, वारा आपल्या तोंडावर आहे तोवर ठीक. मुलगी मन लावून ऐके.

तिसऱ्या दिवशी पहाटे दीडशे यार्डांवर पाच मादी कुरणात आल्या. मुलगी पालथी पडली, बंदूक पिशवीवर टेकवली. मादीच्या मागे दुसरी मादी उभी होती. गोळी आरपार गेली तर दोघी घायाळ व्हायच्या. आजोबांनी तिच्या कानात सांगितले, “थांब.” ती थांबली. मिनिट गेले, दोन गेली. कळपाने मान वर केली आणि चालत चालत झाडीत निघून गेला. पुढचे दोन दिवस बर्फ पडले. एल्क पुन्हा दिसले नाहीत. आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मुलीने विचारले, “आजोबा, आता तुमचे गुण किती?”

“शून्य.”

“माझेही शून्य.”

“म्हणजे बरोबरी झाली,” बुवा म्हणाले आणि दोघे खो-खो हसली. मला मात्र ते हसणे जमले नाही. तेवीस आकडा डोक्यातून जात नव्हता.

इथल्या मराठी मंडळींत अलीकडे काही तरुणांना या छंदाची गोडी लागली आहे. ते मला विचारतात, काका, अर्ज करण्यात अर्थ आहे का? मी त्यांना सांगतो ते असे. राज्याचे रहिवासी असाल, वय तिशीचे असेल, तर दरसाल अर्ज जरूर करा. खर्च थोडा आहे. पण एका नामांकित विभागासाठी साठवत बसू नका. पाच-सात गुण झाले की खर्चून टाका आणि पुन्हा पहिलीपासून सुरुवात करा. परराज्यात हात घालायचा तर गुणांच्या लांब रांगेत नव्याने शिरण्यापेक्षा न्यू मेक्सिको किंवा आयडाहोसारखी कोरी सोडत बरी. तिथे पहिल्या वर्षीचा आणि विसाव्या वर्षीचा अर्जदार सारखाच. आणि पन्नाशी उलटल्यावर पंचवीस गुणांच्या डोंगराकडे पाहत नवी रांग धरू नका. गुडघे रांगेत उभे राहत नाहीत.

मी स्वतः अर्ज करीत नाही. माझी हौस त्या शिळेपुरती. ब्राउन्स पार्कभोवतीची बहुतेक जमीन सार्वजनिक आहे. परवाना लागतो तो जनावराला, डोंगराला नव्हे. सप्टेंबरात कोणीही जावे, तंबू ठोकावा आणि पहाटे ऐकावे. गेल्या सप्टेंबरात सौ.ना घेऊन गेलो होतो. त्यांनी दोन पांघरुणे घेऊन ती शीळ ऐकली आणि म्हणाल्या, “याच्यासाठी तेवीस वर्षं थांबले, यात नवल नाही. सोडून दिलं, याचंच नवल.”

बुवांची नात आता टेक्ससमध्ये आहे. रविवारी तिचा फोन येतो. एकटे राहिल्यावर बुवांनी एप्रिलमध्ये पुन्हा अर्ज केला. पहिल्या पसंतीला नुसता गुण मागितला आणि दुसऱ्या पसंतीला, परवाने बहुधा उरतात अशा एका लांबच्या विभागातली मादी. त्यांच्या खात्यावर सध्या एक गुण आहे.